अंधारात थांबलेली बोट

उसाच्या हंगामात सातारा-सांगली भागातून रात्री मोटारीने प्रवास करणाऱ्याला एक भीती चांगली ठाऊक असते. समोरून येणाऱ्या ट्रकचे त्याला फारसे काही वाटत नाही. त्याचे दिवे लांबून दिसतात, आवाज ऐकू येतो, आपण वेळेवर बाजूला होतो. धास्ती असते ती टायर पंक्चर झाल्यामुळे रस्त्याच्या कडेला निमूट उभ्या असलेल्या ट्रॉलीची. तिला मागे दिवा नसतो, आवाज नसतो, हालचाल नसते. दहा-वीस पावलांवर येईपर्यंत ती अंधाराचाच एक तुकडा वाटते आणि मग एकदम भिंतीसारखी समोर उभी राहते.

बँकेत असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीची कर्जे मी पुष्कळ हाताळली. कर्जाच्या फायलीत इंजिनाचा नंबर असे, चासीचा नंबर असे, विम्याची पावती असे. ट्रॉली रात्री मागून येणाऱ्याला कशी दिसते, याची चौकशी कोणताच कागद करीत नसे. पुढे अपघातांनीच तो धडा शिकवला. आता हंगाम सुरू झाला की कारखाने, पोलीस आणि आरटीओचे लोक ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना लाल रिफ्लेक्टर चिकटवताना दिसतात. चालणाऱ्या वाहनापेक्षा थांबलेले वाहन अधिक दिसले पाहिजे, ही गोष्ट रस्त्यावर आपल्याला उशिरा का होईना, पटली. पाण्यावर मात्र ती अजून पटायची आहे.

वाचक म्हणतील, आमच्या दोन जिल्ह्यांत समुद्र कुठे आहे? समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे आणि त्या पाण्यावर माणसे रोज ये-जा करतात. महाबळेश्वराच्या मागे उतरले की तापोळे लागते. तिथे सोळशी कोयनेला मिळते आणि समोर शिवसागर पसरतो. कोयना धरण १९६०च्या दशकात पुरे झाले. या जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावते आणि त्याची लांबी पन्नासएक किलोमीटर भरते. धरणाची वीज महाराष्ट्रभर गेली, पण काठच्या गावांचे जुने रस्ते पाण्याखाली गेले. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसांना लाँच हीच एसटी झाली. बामणोलीहून वासोट्याला जाणारे ट्रेकर लाँचनेच जातात आणि जीपगाड्या तराफ्यावर चढून पाणी ओलांडतात.

पर्यटकांच्या फेऱ्या दिवेलागणीच्या आत संपतात हे खरे. परंतु आजार घड्याळ बघून येत नाही. बाळंतीण अडली, कुणाला पान लागले, म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागले, की रात्री-अपरात्री लाँच काढावी लागते. त्या वेळी धक्क्याजवळ एकीला एक बांधलेल्या होड्या, पाण्यात नांगरून ठेवलेला तराफा आणि ताणलेले दोर हे सारे काळ्या पाण्यावर काळेच असते. लाँच चालवणारा हे सगळे अंदाजाने आणि सवयीने ओळखतो. पण ज्या रात्री घाई असते, नेमकी त्याच रात्री सवय दगा देते.

खाली कृष्णेकाठी प्रकार वेगळा आहे. औदुंबरला दत्तदर्शन झाले की भाविक नावेने पलीकडे भुवनेश्वरीला जातात. सांगलीच्या परिसरात पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात आणि त्यांना गावेच्या गावे लोटतात. पण सांगलीकरांना नाव खरी आठवते ती महापुरात. आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्याच्याजवळची पाणीपातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्याच महिन्यात, ८ तारखेला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि सतरा जण गेले. ती दुर्घटना दिवसाउजेडी झाली, दिव्याशी तिचा संबंध नव्हता. पण महापुरात बोट म्हणजे काय आणि तिच्याकडे आपले किती कमी लक्ष असते, हे तिने कायमचे सांगून ठेवले.

ज्या पट्ट्यात लोक गुळाच्या काहिलीत बसून जीव वाचवत, तिथे आता फायबरच्या आणि रबरी बोटी आहेत. दिवसभर त्या माणसे काढतात आणि रात्री गावाच्या कडेला, विजेच्या खांबाला नाहीतर झाडाला बांधून ठेवतात. पाणी चढत असते, प्रवाह ओढत असतो आणि दुसऱ्या गावाहून मदतीला निघालेली बोट अंधारातच वाट शोधत असते.

हिशेब करून पाहा. समजा, मदतीची बोट ताशी वीस किलोमीटरने येते आहे. म्हणजे एका सेकंदाला साडेपाच मीटर. हातातल्या विजेरीत समोरची बांधलेली बोट पन्नास मीटरवर दिसली, तर नऊ सेकंद मिळतात. पावसात तीच बोट वीस मीटरवर दिसली, तर चारच सेकंद उरतात. बोटीला ब्रेक नसतो. इंजिन बंद केले तरी ती वाहतच पुढे जाते. चार सेकंदांत माणूस फक्त ओरडू शकतो.

समुद्राचा नियम काय सांगतो

समुद्रावर या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच काढले गेले. बोटींची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. चालत्या बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. नांगरलेल्या बोटीला मात्र चोहोबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा. पन्नास मीटरांहून लहान बोटीला असा एकच दिवा पुरतो. बारा मीटरांच्या आतल्या बोटीचा हा दिवा दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे पावणेचार किलोमीटरवरून दिसला पाहिजे. सात मीटरांहून लहान होडीला सवलत आहे, पण इतर बोटींच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ती उभी असेल तर सवलत नाही.

या नियमामागचा विचार साधा आहे. दिव्याच्या रंगावरून लांबच्या माणसाला कळावे, की ही बोट चालली आहे की थांबली आहे. म्हणून थांबलेल्या बोटीवर हौसेने लाल किंवा हिरवा दिवा लावणे हा धोका आहे, कारण पाहणाऱ्याला ती चालती वाटते. सहलीच्या बोटींवर लग्नाच्या मांडवासारख्या लुकलुकणाऱ्या माळा सोडतात, त्याही चुकीच्याच. डोळे दिपवणारे उघडझाप दिवे टाळावेत, असे हे नियम स्पष्ट सांगतात.

हे नियम समुद्राचे, धरणाला आणि नदीला ते थेट लागू नाहीत. पण देशांतर्गत जलवाहतुकीचा १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. त्यात दिवे, खुणा आणि सुरक्षा यांचा विचार आहे आणि बिनइंजिनाच्या नावांसाठीही वेगळे प्रकरण आहे. कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती घाटावरच्या सवयीची.

दिवा दिसणे आणि बोट दिसणे

काठावर मोठा खांब उभा करून हॅलोजन लावला की झाले, असे आपल्याला वाटते. शिवसागराकडे पाहिले की त्यातली अडचण कळते. पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असते आणि उन्हाळ्यात ते इतके मागे हटते, की लाँच लागण्याची जागाच खाली खाली सरकत जाते. खांब जागेवर राहतो, पाणी निघून जाते. सांगलीत याच्या उलट घडते. पूर आला की घाटावरचे खांब पाण्यात जातात आणि जिवाला धोका नको म्हणून वीज बंद करावी लागते. जेव्हा दिव्याची सर्वांत अधिक गरज, तेव्हाच तो विझलेला. म्हणून दिवा बोटीवरच हवा आणि त्याची वीजही बोटीवरच हवी.

तो कसा असावा? पहिली गोष्ट, तो चारी बाजूंनी दिसावा. टपाच्या आत टांगलेला बल्ब एका बाजूला लख्ख दिसतो आणि दुसऱ्या बाजूला खांबामागे दडतो. टपाच्या वर हातभर दांडी उभी करून तिच्या टोकाला दिवा लावला की ही अडचण जाते.

दुसरी गोष्ट, तो डोळ्यांवर येऊ नये. अंधाराला सरावायला माणसाच्या डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि ही सवय एका झगझगीत झोताने क्षणात मोडते. फार प्रखर दिवा लावणारा आपली बोट दाखवतो, पण तिच्या शेजारची बिनदिव्याची होडी पार पुसून टाकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवा दिसणे वेगळे आणि बोट दिसणे वेगळे. सांगलीच्या पात्रातून शहराकडे पाहा. पुलाचे दिवे, घाटाचे दिवे, घरांच्या खिडक्या आणि पाण्यात या सगळ्यांची प्रतिबिंबे. त्यात एक पांढरा ठिपका आणखी असला, तर तो बोटीचा हे कुणी ओळखावे? म्हणून वरच्या दिव्याबरोबर एक मंद दिवा असा लावावा, की त्याचा उजेड बोटीच्या अंगावरच पडेल. मग ठिपका न दिसता आकार दिसतो. बोटीचा काठ पांढऱ्या रंगाने रंगवला तर तोच उजेड दुप्पट कामाला येतो.

चौथी गोष्ट म्हणजे उसाच्या ट्रॉलीवर लावतात तसली चमकणारी पट्टी. तिला बॅटरी लागत नाही. समोरून विजेरीचा झोत पडला की ती तो उलट त्याच माणसाकडे पाठवते. बोटीच्या दोन्ही टोकांना, दोन्ही कुशींना आणि वल्ह्यांच्या पात्यांना ती चिकटवावी. दिवा रात्री दोन वाजता बंद पडला, तर पट्टी पहाटेपर्यंत राखण करते. आणि दोर विसरू नये. बोट दिसली म्हणून कुणी तिच्या पलीकडून जायला गेला आणि काठाशी ताणलेला दोर गळ्याशी आला, तर काय उपयोग? दोरावर मधून मधून पांढरे रिकामे कॅन बांधून त्यांना तीच पट्टी गुंडाळली तरी पुरे.

आता खर्चाचे. पूर्वी दिवा रात्रभर ठेवणे खरोखर कठीण होते. कंदील वाऱ्याने विझे, रॉकेल संपे. दहा वॅटचा साधा बल्ब बारा तास जाळला की १२० वॅट-तास वीज खर्च होते, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून दहा अँपिअर-तास गेले. सकाळी इंजिन सुरू होईल की नाही, ही चिंता नावाड्याला वाटली तर त्याचे काय चुकले? पण १९९०च्या दशकात जपानमध्ये निळ्या प्रकाशाचा एलईडी तयार झाला आणि त्यातून पांढऱ्या उजेडाचे एलईडी दिवे आले. त्या संशोधनाला २०१४ साली नोबेल मिळाले. आज दोन वॅटचा चांगला दिवा हे काम करतो आणि रात्रभरात दोनच अँपिअर-तास घेतो. हातभर सोलर पॅनेल दिवसात तेवढे भरून काढते. अंधार पडताच आपोआप लागणारा स्विच असला, की आठवण ठेवण्याचाही प्रश्न उरत नाही. बोटीच्या इंजिनाच्या किमतीपुढे ही सारी रक्कम किरकोळ आहे.

मी हे बोलू लागलो की नावाडी मंडळी एक शंका काढतात आणि ती टाकाऊ नाही. "साहेब, दिवा लावला तर चोराला बोट दिसंल की!" त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु चोर दिवसा येऊन बोट कुठे असते ते पाहूनच गेलेला असतो. अंधार चोराला अडवत नाही, अडवतो तो मदतीला येणाऱ्याला. बाहेर लावायचे इंजिन रात्री काढून घरी नेता येते, दिवा कुलपाच्या पेटीत बसवता येतो. बोटीवर आपटून मेलेला माणूस मात्र कुठल्याच विम्यात परत येत नाही.

दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी पूरपट्ट्यातल्या गावांत तयारीच्या बैठका होतात. बोट चालते का, लाइफ जॅकेट किती आहेत, दोर कुजला आहे का, हे पाहिले जाते. त्या यादीत आणखी दोन ओळी घालाव्यात. बांधलेल्या बोटीला दिवा आहे का आणि पट्टी लावली आहे का? तपासणीही फार सोपी आहे. अमावास्येच्या आसपास एका रात्री सरपंचाने दोन माणसांसह पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहावे आणि आपली बोट दिसते का ते पाहावे. दिसली तर ठीक. नाही दिसली, तर पाणी चढण्यापूर्वी अजून वेळ आहे.