पाणी न मागणारा तरवड

बारामती तालुक्यातील सांगवी हे गाव नीरा नदीच्या काठचे. नीरा डाव्या कालव्याने हा पट्टा उसाचा झाला. पण गावाला पाणी आहे म्हणून गावातल्या प्रत्येक जागेला ते मिळतेच असे नाही. कब्रस्तान, ईदगाहची कड, मुरमाड माळ अशा ठिकाणी पावसाळ्यात हौसेने लावलेली रोपे उन्हाळ्यापर्यंत वाळतात. जी जगतात ती शेळ्या खातात. दर वर्षी तेच श्रम, तोच खर्च आणि तीच निराशा.

अशा जागेसाठी आपल्या मातीतलेच एक झुडूप आहे, ते म्हणजे तरवड. पुरुषभर उंची, चिंचेसारखी संयुक्त पाने आणि फांद्यांच्या शेंड्यांना पिवळ्याधमक फुलांचे झुबके. उन्हात, हलक्या जमिनीत तो वाढतो. पाने कडवट असल्याने गुरे-शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. शेजारच्या तेलंगणने तर याच फुलाला राज्यफुलाचा मान दिला आहे. मोटा आणि मशकी वापरात होत्या त्या काळात कातडे कमावायला तरवडाची साल लागत असे.

बी गोळा करण्यापूर्वी झाड नीट ओळखावे, कारण टाकळ्याच्या जातीची इतरही पिवळ्या फुलांची झाडे रस्त्याकडेला दिसतात. तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखे लहान पान असते. त्याच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात. हिवाळ्याच्या अखेरीस त्या तपकिरी होऊन वाळल्या की तोडाव्यात. किडके, भोके पडलेले बी काढून टाकावे.

आता मुख्य गोष्ट. तरवडाच्या बियांचे कवच टणक असते. तसेच पेरले तर काही बी उगवते आणि बाकीचे महिनोन् महिने मातीत पडून राहते. म्हणून पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवावे आणि त्यात बी टाकून रात्रभर राहू द्यावे. बी चुलीवर शिजवू मात्र नये. सकाळी जे फुगलेले असेल ते पेरावे. न फुगलेले बी पॉलिश पेपरवर हलकेच घासून पुन्हा साध्या पाण्यात भिजवावे.

मे महिन्यात पिशव्या भराव्यात. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत असे मिश्रण पुरते. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोके पाडली तरी काम होते. प्रत्येक पिशवीत दोन बिया, अर्ध्या बोटाच्या पेरापेक्षा खोल नाहीत. साधारण एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. माती ओलसर असावी, चिखल नको. वुजूचे पाणी बादलीत धरले तर तेवढ्यावर वीस-पंचवीस पिशव्या सहज भिजतात. मुलांवर ही जबाबदारी सोपवावी.

तरवडाचे मूळ सरळ खोल जाते. रोप फार दिवस पिशवीत ठेवले तर ते मूळ गुंडाळले जाते. म्हणून वीतभर वाढताच चांगला पाऊस झाला की रोप जमिनीत लावावे. कब्रस्तानात कमिटीला विचारून फक्त हद्दीच्या रेषेवर, दीड-दोन फुटांच्या अंतराने लावावे. त्याला काटे नसतात, त्यामुळे जनावरे अडवायला सोबत तार किंवा दगडी बांध हवाच. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी द्यावे. पुढे ते झाड आपले आपण पाहते.

तरवडाच्या फुलात मध नसतो. काळे मोठे भुंगे येतात ते परागासाठी. फुलाला धरून ते गुणगुणतात आणि त्या थरथरीने पराग बाहेर सांडतो. पिवळी-पांढरी फुलपाखरे पानांवर अंडी घालतात. म्हणून पाने कुरतडलेली दिसली की लगेच औषध फवारू नये.

मधुमेहावर फुलांचा काढा घेण्याची रीत अनेक घरांत आहे. पण काढ्याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करू नये. गोळी चालू असताना काढा घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

लावलेल्या झाडाचा माणसाला, जनावराला, पाखराला उपयोग झाला तर तो सदका ठरतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मात्र त्यासाठी झाड आधी जगले पाहिजे. येत्या हिवाळ्यात माळावर तरवडाच्या शेंगा वाजू लागल्या की मूठभर बी घरी आणावे आणि कोरड्या बरणीत जपून ठेवावे.