खारे पाणी, गोडे पाणी

दिल्लीच्या नैर्ऋत्येस गुरुग्राम जिल्ह्यात सुलतानपूर नावाचे गाव आहे. समुद्र येथून शेकडो कोस दूर. तरीही ब्रिटिश अमदानीत हे गाव मिठासाठी प्रसिद्ध होते. विहिरींचे खारट पाणी उथळ वाफ्यांत पसरावयाचे, उन्हाने ते आटवावयाचे आणि तळाशी उरलेले मीठ बाजारात न्यावयाचे, असा येथील धंदा होता. विसाव्या शतकात तो बंद पडला. आज सुलतानपूर ओळखले जाते ते पाणपक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानामुळे. जमिनीच्या पोटातील खारटपणा मात्र या टापूत अद्याप आहे.

मीठ करणारा मीठ ठेवून घेतो आणि वाफ आकाशात सोडून देतो. ज्याला तहान लागली आहे त्याने नेमके उलट करावयाचे: वाफ धरावयाची आणि मीठ मागे ठेवावयाचे. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करण्याची सर्वांत जुनी रीत ती हीच.

तिची गरज प्रथम भासली खलाशांना. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. एवढे मीठ शरीराबाहेर टाकण्यास मूत्रपिंडांना प्यालेल्या पाण्याहूनही अधिक पाणी खर्चावे लागते. म्हणून समुद्राचे पाणी पिणाऱ्याची तहान भागण्याऐवजी वाढत जाते. 1772 साली कॅप्टन कुक दुसऱ्या सफरीस निघाला, तेव्हा त्याच्या जहाजावर समुद्राचे पाणी उकळून वाफ थंड करण्याचे साधन होते. परंतु त्याला सरपण फार लागे. एक किलो पाणी उकळीपर्यंत नेण्यास सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता पुरते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ होण्यास आणखी सुमारे 540 लागतात. खरा खर्च आहे तो येथे.

आजच्या मोठ्या जहाजांवर हा खर्च युक्तीने वाचवितात. इंजिन थंड ठेवताना तापलेले पाणी एरवी वायाच जावयाचे. त्याची उष्णता समुद्राच्या पाण्यास देतात आणि भांड्यातील हवा काढून घेऊन दाब उतरवितात. दाब कमी झाला की पाणी चाळीस-पन्नास अंशांवरच उकळते.

एकाकी ठिकाणी इंजिनही नसले, तर सूर्य असतोच. उत्तर चिलीच्या वाळवंटात लास सालिनास येथील खाणींसाठी 1872 साली काचेच्या उतरत्या छपरांची एक विस्तीर्ण यंत्रणा उभारण्यात आली. छपराखालच्या खाऱ्या पाण्याची वाफ काचेवर थिजे आणि थेंबाथेंबाने पन्हळीत उतरे. दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक पाणी तीतून मिळत असे. सरपण फुकट, पण जागा फार. कारण चांगल्या उन्हातही चौरस मीटरमागे दिवसाकाठी तीन-चार लिटरच पाणी हाती लागते.

आपल्या लक्षद्वीपात 2005 साली कवरत्ती बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने आणखी निराळी वाट काढली. तेथे समुद्राच्या पृष्ठाचे पाणी ऊबदार, तर सुमारे 350 मीटर खोलीवरचे पुष्कळच थंड. ऊबदार पाण्याची कमी दाबाखाली वाफ करावयाची आणि खोलवरच्या थंड पाण्याने ती थिजवावयाची. रोज एक लाख लिटर गोडे पाणी देण्याची या केंद्राची क्षमता आहे. वाफेसाठी जळण लागत नाही; पंपांना वीज मात्र लागतेच.

वाफेवाचूनही मीठ वेगळे करता येते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. फोडींच्या पेशींवरील सूक्ष्म पापुद्र्यांतून पाणी आपण होऊन मिठाकडे धावते. मिठाच्या बाजूने पुरेसा दाब दिला, तर हाच प्रवाह उलटा फिरतो आणि पापुद्र्यातून गोडे पाणी बाहेर पडते. असा उपयुक्त कृत्रिम पापुद्रा कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतीय रसायनशास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांनी 1960 च्या सुमारास तयार केला. 1965 साली तो प्रथम एका गावाच्या सेवेस लागला, ते कोअलिंगा. हे गावही समुद्रकाठचे नव्हे. विहिरींचे पाणी खारट म्हणून तेथे पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागे.

जितके मीठ अधिक, तितका दाब अधिक. समुद्राच्या पाण्यास वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाब द्यावा लागतो. मचूळ विहिरीस दहा-पंधरा पट पुष्कळ होतो. म्हणजे गुरुग्रामसारख्या प्रदेशातील खारट पाणी समुद्राच्या मानाने बऱ्याच कमी विजेत गोडे होते.

मग अडते कोठे? अडते ते उरलेल्या पाण्यापाशी. बेटावर वा जहाजावर वेगळे झालेले मीठ, योग्य काळजी घेऊन, समुद्रास परत देता येते. गुरुग्रामला समुद्र नाही. घरोघरच्या यंत्रांतून लिटरभर पाणी गाळले जाताना दोन-तीन लिटर पाणी पूर्वीपेक्षा अधिक खारट होऊन मोरीत जाते. ते जमिनीत मुरले, तर शेजारच्या विहिरीच्या वाट्यास येते. ज्या घरी यमुनेचे कालव्याने आलेले, मुळातच कमी क्षारांचे पाणी पोहोचते, तेथे तर हा सारा खटाटोप निष्कारण ठरतो. लिटरला 500 मिलिग्रॅमहून कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी अशी यंत्रे वापरण्यास मनाई करावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 साली केंद्र सरकारला दिला, तो याच कारणास्तव.

ज्या गावाला खाऱ्या विहिरीवाचून दुसरा आधारच नाही, तेथे मात्र हे यंत्र जीवनदायी आहे. पण ते बसविण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर काढले पाहिजे. पाण्यातून मीठ वेगळे होते. नाहीसे कधीच होत नाही. सुलतानपूरचा कारागीर ते मीठ गोळा करून गाड्यात भरी. आज ते कोठे ठेवावयाचे हे जो आधी ठरवील, त्याच्याच विहिरीचे पाणी पुढल्या पिढीस गोड लागेल.