काच एक, कामे दोन

जबलपूर शहराच्या पूर्वेस रांझी हा भाग आहे. या परिसराची घडण कारखान्यांमुळे झाली. 1904 साली येथे तोफांचे गाडे तयार करणारा गन कॅरेज कारखाना उभा राहिला. पुढे खमरियाची आयुध निर्माणी आली आणि 1969 साली व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली. कारखान्यांभोवती कामगारांच्या वसाहती वसल्या, खाजगी घरे बांधली गेली आणि बाजारपेठ वाढली. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, त्या काळापासून जबलपुरात मराठी कुटुंबेही नांदत आली आहेत. अशा वस्तीत राहणाऱ्या माणसाला दोन प्रकारच्या खिडक्या रोज दिसतात. एक आपल्या घराची आणि दुसरी कारखान्याची, कार्यालयाची किंवा दुकानाची.

दोन्ही खिडक्यांना काच असते. दोन्हींवर उन्हाळ्यात धूळ बसते आणि पावसाळ्यात चिखलाचे ओघळ उमटतात. दोन्ही पाण्याने व साबणानेच स्वच्छ होतात. मग घराची खिडकी पुसणे आणि व्यवसायाच्या जागेची खिडकी पुसणे ही दोन वेगळी कामे का मानली जातात? ‘एक काम लहान, दुसरे मोठे’ असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे. काम कशासाठी करायचे, केव्हा करायचे, कोणत्या साधनांनी करायचे आणि त्याची जबाबदारी कोणाची, या चार बाबतींत ही कामे वेगळी आहेत. त्यांतील चौथी बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यावर काम करणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

घरातील खिडकी

घराची खिडकी पुसली जाते ती घरच्या माणसांच्या सोयीसाठी आणि आनंदासाठी. तिचे वेळापत्रक सणवार व ऋतू ठरवतात. पावसाळा सरला आणि दिवाळी जवळ आली की घरोघरी साफसफाई सुरू होते. एरवी आठ-पंधरा दिवसांनी ओले फडके फिरवले तरी पुरते.

घरातील प्रत्येक खिडकी वेगळी असते. जुन्या घरात लाकडी चौकट, लोखंडी गज आणि लांबी लावून बसवलेली लहान लहान तावदाने असतात. नव्या घरात सरकत्या काचा असतात. त्यांच्या खालच्या खाचेत माती साचते आणि डासांसाठी लावलेल्या जाळीत धूळ अडकते. म्हणून काचेपेक्षा चौकट, खाच व जाळी यांनाच अधिक वेळ लागतो. पडदे उतरवावे लागतात, खिडकीतल्या कुंड्या हलवाव्या लागतात, जवळचे अंथरूण झाकावे लागते. काम करणारी व्यक्ती दुसऱ्याच्या खाजगी जागेत आलेली असते. त्यामुळे वस्तूला हात लावण्यापूर्वी विचारणे आणि घरातील गोष्ट बाहेर न सांगणे हाही या कामाचाच भाग होय.

येथे एक चूक वारंवार होते. धुळीने माखलेली काच कोरड्या फडक्याने घासली जाते. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूतील गारगोटीचा अंश काचेपेक्षा कठीण असतो. त्यामुळे काचेवर ओरखडे पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. आधी मऊ झाडणीने धूळ झाडावी, मग भरपूर पाण्याने काच भिजवावी आणि त्यानंतरच पुसावी. भर उन्हात काच धुऊ नये. पाणी लवकर वाळते आणि त्यातील क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. सकाळची वेळ किंवा सावलीची बाजू या कामाला चांगली.

कारखाना, कार्यालय आणि दुकान

व्यवसायाच्या जागी काच स्वच्छ ठेवणे ही हौस नसून गरज असते. दुकानदाराचा माल काचेतून दिसतो, म्हणून दर्शनी काच दुकान उघडण्यापूर्वी रोज पुसली जाते. रुग्णालयात स्वच्छतेचा संबंध आरोग्याशी असतो. कारखान्यात तर हा प्रश्न उजेडाचा आहे. यंत्रावर काम करणाऱ्याला पुरेसा प्रकाश मिळाला नाही, तर डोळ्यांवर ताण येतो आणि अपघाताचा संभव वाढतो.

हे लक्षात घेऊनच 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या सतराव्या कलमात एक तरतूद करण्यात आली. कामाच्या जागी उजेड देणाऱ्या खिडक्यांच्या आणि छतातील झरोक्यांच्या काचा आतून व बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात, असे त्या कलमाने सांगितले. घराची खिडकी मळलेली राहिली तर कोणी कायद्याचा आधार घेत नाही. कारखान्याची खिडकी मळलेली राहणे मात्र कामगारावरील अन्याय ठरतो, हे या तरतुदीने मान्य केले.

अशा ठिकाणी कामाची वेळही वेगळी असते. ग्राहकांची ये-जा सुरू होण्यापूर्वी, कार्यालय सुटल्यावर किंवा साप्ताहिक सुटीच्या दिवशी काम उरकावे लागते. एकाच मापाच्या अनेक काचा ओळीने असल्यामुळे कामाला ठरावीक लय येते. वेग वाढतो, आणि वेगाबरोबर साधनेही बदलतात.

साधनांतील फरक

घरात बादली, मऊ सुती फडके, साबणाचे पाणी आणि लांब दांड्याचा वायपर एवढे पुरते. व्यावसायिक कामगाराचे मुख्य अवजार म्हणजे रबरी पात्याचा हलका वायपर. त्याच्या आजच्या रूपामागे एका कामगाराची बुद्धी आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेला एत्तोरे स्तेकोने हा खिडक्या पुसण्याचे काम करीत असे. त्या वेळचे अवजार जड होते आणि त्याचे पाते बदलण्यासाठी बरेच स्क्रू काढावे लागत. त्याने हलके व सुटसुटीत अवजार तयार केले आणि 1936 साली त्याचे पेटंट मिळवले. स्वतः काम करणाऱ्यालाच कामातील अडचण नेमकी कळते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

इमारत उंच असेल तर आणखी साधने लागतात. तीन-चार मजल्यांपर्यंत जमिनीवर उभे राहून लांब नळीदार दांड्याने काच धुता येते. या पद्धतीत क्षार काढलेले पाणी वापरतात, त्यामुळे काच न पुसताही डाग राहत नाहीत. त्याहून उंच इमारतीसाठी परांची बांधतात किंवा छतावरून दोरांनी पाळणा खाली सोडतात. काही ठिकाणी प्रशिक्षित कामगार दोराला लटकून काम करतो. अशा वेळी दोन दोर आवश्यक असतात. एक कामाचा आणि दुसरा सुरक्षेचा. दोन्ही दोर वेगवेगळ्या भक्कम आधारांना बांधलेले असले पाहिजेत, म्हणजे एक सुटला तरी दुसरा माणसाला धरून ठेवतो. सुरक्षापट्ट्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने 3521 क्रमांकाचे मानक ठरवून दिले आहे.

रसायनांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. नव्या इमारतीच्या काचांवरील सिमेंटचे डाग काढण्यासाठी काही जण तीव्र आम्ल वापरतात. त्यातील हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते आणि त्वचेतून आत शिरून शरीराला गंभीर इजा करते. बाटलीवर नाव व सूचना नसलेले कोणतेही रसायन हाती घेऊ नये. अमोनिया आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, त्यांतून विषारी वायू निघतो.

शब्द आणि करार

घरातील काम बहुधा तोंडी ठरते. ‘इतक्या खिडक्या, इतके पैसे’ एवढेच बोलणे होते. ओळख आणि विश्वास यांवर व्यवहार चालतो. त्यात आपुलकी असते, परंतु कामाची मर्यादा ठरलेली नसल्याने खिडक्यांबरोबर पंखे, जळमटे आणि माळाही साफ करण्याची अपेक्षा केली जाते.

व्यावसायिक काम लेखी कराराने होते. किती काचा, महिन्यातून किती वेळा, आतून की बाहेरून, साहित्य कोणाचे, हे सर्व कागदावर असते. येथे बहुधा तीन पक्ष असतात. जागेचा मालक, कंत्राटदार आणि कामगार. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर कामगाराने कोणाकडे जावे? 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने याचे उत्तर दिले. कंत्राटदाराने वेतन दिले नाही, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. 2020 साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हे तत्त्व कायम ठेवण्यात आले.

पडणाऱ्याला भेद नसतो

आता एक प्रसंग कल्पनेत आणावा. एक स्त्री सकाळी तिसऱ्या मजल्यावरील एका घरात काम करते आणि दुपारी एका कार्यालयात. कार्यालयात बाहेरची काच पुसायची असेल, तर तिला पट्टा द्यावा लागतो, देखरेखीस माणूस ठेवावा लागतो. उंचीवरून पडण्याचा संभव असेल तेथे कठडा किंवा अन्य उपाय करावा, असे 1948 च्या कारखाना अधिनियमानेही सांगितले होते. मात्र सकाळी त्याच उंचीवर घरातले कोणी सहज म्हणते, “बाई, जरा छज्जावर उतरून बाहेरूनही पुसून टाका. दोन मिनिटांचे काम आहे.” तेथे पट्टा नसतो, दोर नसतो आणि देखरेखही नसते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. धोक्याचा विचारच झालेला नसतो.

घरकाम करणाऱ्यांची नोंद व कल्याण यांसाठी महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कायद्याने आधार मिळतो. परंतु घराच्या खिडकीशी त्या क्षणी कायद्याचा माणूस उभा नसतो. तेथे घरमालकाचा विवेक आणि कामगाराचे धैर्य हेच उपयोगी पडतात. सरकती काच खाचेतून उचलून आत घेता येत असेल, तर दोघांनी मिळून ती उतरवावी आणि जमिनीवर धुवावी. लांब दांड्याचा वायपर आतूनच बाहेर काढून वापरावा. जेथे हात पोहोचत नाही, तेथील काच तशीच राहू द्यावी. अशा वेळी “हे मला जमणार नाही, यात धोका आहे,” असे म्हणणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे.

दुसऱ्या बाजूला, करार झाला म्हणजे सुरक्षा आपोआप येते असेही नाही. कागदावरचा पट्टा अनेकदा कोठीतच राहतो. म्हणून उंचीवरच्या कामाला हात घालण्यापूर्वी कामगाराने चार प्रश्न विचारावेत. पट्टा व दोर तपासले आहेत काय? दोर कशाला बांधला आहे? वारा किंवा पाऊस आला तर काम कोण थांबवणार? खाली रस्त्यावर माणसांना अडवण्याची व्यवस्था आहे काय? एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर वर चढू नये.

थोडक्यात सांगायचे तर, घराचे काम विश्वासावर चालते आणि व्यवसायाचे काम करारावर. पद्धत, वेळ, साधने व मोबदला यांत फरक असणे स्वाभाविक आहे. सुरक्षेत मात्र फरक असता कामा नये. खिडकी स्वच्छ झाली आणि ती पुसणारी व्यक्ती संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचली, या दोन्ही गोष्टी घडल्या तरच काम चांगले झाले असे म्हणावे.

स्वाध्याय

1. घरातील व व्यावसायिक खिडक्यांच्या सफाईत कोणत्या चार बाबतींत फरक आहे?
2. धुळीची काच कोरड्या फडक्याने का घासू नये?
3. ‘करार झाला म्हणजे सुरक्षा आपोआप येत नाही,’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
4. तुमच्या परिसरात उंचीवर काम करणाऱ्या व्यक्तीशी बोला आणि तिच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.