मधुमेहाच्या गोळीमागचं एन्झाइम

सिटाग्लिप्टिन ही मधुमेहावरची गोळी अनेकांच्या ओळखीची आहे. तिचा रेणू घडवताना अमिनो गट नेमक्या बाजूनेच जोडावा लागतो. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसंच हे. पूर्वी त्यासाठी ऱ्होडियम हा महागडा धातू आणि दाबाखालचा हायड्रोजन लागे. शिवाय औषधातून धातूचा अंश काढण्याचा खटाटोप वेगळाच.

मर्क आणि कोडेक्सिस या अमेरिकी कंपन्यांच्या संशोधकांनी मग जिवाणूचं एक एन्झाइम, म्हणजे विकर, निवडलं. अडचण अशी, की हा रेणू त्याच्या खोबणीत मावतच नव्हता. आधी खोबण रुंद केली. मग जनुकात बदल करायचे, हजारो नमुने तपासायचे, सरस तेवढे ठेवायचे, पुन्हा बदल. निवडक बियाणं राखून वाण सुधारणारा शेतकरी हेच करतो. या 'निर्देशित उत्क्रांती'साठी फ्रान्सिस आर्नल्ड यांना 2018 चं नोबेल मिळालं, आणि ते अगदी योग्यच होतं.

अकरा फेऱ्यांनंतर तयार झालेलं एन्झाइम निम्मं सेंद्रिय द्रावक असलेल्या मिश्रणातही टिकलं. चुकीच्या बाजूचा रेणू आढळलाच नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार एकूण कचरा 19 टक्क्यांनी घटला, आणि ऱ्होडियमची गरजच उरली नाही.