विश्लेषण : ठाणे-कल्याण पट्ट्यात घरे वाढणार, लोकलमध्ये जागा कुठून येणार?

ठाणे ते कल्याण या रेल्वे पट्ट्यात जुन्या आणि अनधिकृत इमारतींच्या जागी मोठे पुनर्विकास प्रकल्प आखले जात आहेत. धोकादायक घरांतून सुटका हवी असलेल्या हजारो कुटुंबांना त्यांची गरज आहे. पण याच पट्ट्यातील लोकल आज सकाळी दारापर्यंत भरलेल्या असतात. घरांची परवानगी महापालिका देते, गाडी रेल्वे चालवते आणि दोघांचे वेळापत्रक एकत्र बसवणारी यंत्रणा दिसत नाही. त्यामुळे पुनर्विकासाचा आणि लोकलच्या गर्दीचा संबंध काय, हे समजून घ्यायला हवे.

या पट्ट्यातच एवढ्या पुनर्विकासाची गरज का?

बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. मात्र या पट्ट्यात खरी वस्ती वाढली ती गेल्या चार-पाच दशकांत. मुंबईत घर परवडेना, तशी माणसे रुळाच्या कडेने पुढे सरकत गेली. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. याच दशकात ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे १२.६ लाखांवरून १८.४ लाखांवर गेली.

या वाढीला पुरेशी अधिकृत घरे मिळाली नाहीत. कळवा, मुंब्रा, दिवा आणि डोंबिवलीच्या काही भागांत परवानगीशिवाय इमारती उभ्या राहिल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत आणि पुढच्याच आठवड्यात ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती कोसळल्या. दर पावसाळ्यापूर्वी निघणारी धोकादायक इमारतींची यादी हा या शहरांतील नित्याचा भाग झाला आहे. त्यामुळे पुनर्विकास व्हावा की नाही, हा प्रश्नच नाही. तो कसा व्हावा, हा प्रश्न आहे.

‘क्लस्टर’ योजना म्हणजे काय?

एकेक इमारत पाडून नवी बांधली, तर रस्ता तेवढाच अरुंद राहतो आणि मैदान, शाळा, मलवाहिनी यांना जागा मिळत नाही. म्हणून अनेक इमारतींचा एकत्रित पुनर्विकास करायचा, ही समूह विकास किंवा ‘क्लस्टर’ योजनेची कल्पना. मुंबईच्या २०३४च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी शहरात किमान ४ हजार, तर उपनगरांत ६ हजार चौरस मीटर जागेची अट आहे. ठाण्यात ती साधारण एक हेक्टर आहे. महापालिकेने शहरात ४०हून अधिक पुनरुत्थान क्षेत्रे निश्चित केली असून किसननगरपासून कामाला सुरुवात झाली. डिसेंबर २०२०मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही या योजनेला स्थान आहे.

योजनेचा आर्थिक कणा म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, अर्थात एफएसआय. एक हजार चौरस मीटर भूखंडावर चार एफएसआय मिळाला, तर चार हजार चौरस मीटर बांधकाम करता येते. त्यातून जुन्या रहिवाशांना घरे द्यायची आणि उरलेली विकून खर्च काढायचा. म्हणजे जुनी वस्ती सुरक्षित करण्यासाठी तिथेच नवी वस्ती आणावी लागते. लोकलच्या प्रश्नाची सुरुवात इथूनच होते.

स्थानकाजवळ जास्त घरे बांधणे चुकीचे आहे का?

नाही. उलट नगर नियोजनाच्या दृष्टीने ते योग्यच मानले जाते. स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर घरे असतील, तर दुचाकी, मोटार आणि रिक्षांची गर्दी कमी होते. केंद्र सरकारच्या २०१७च्या राष्ट्रीय धोरणात स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या परिसरात दाट, संमिश्र वस्तीचा पुरस्कार केला आहे. पुण्यात मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरपर्यंत जादा एफएसआय देण्यामागे हेच तत्त्व आहे.

मात्र हे धोरण गृहीत धरते की स्थानकात येणाऱ्या गाडीत जागा आहे. नव्या मेट्रोबाबत ते बहुतेक वेळा खरे असते. सकाळी साडेसात-आठला डोंबिवलीत किंवा दिव्यात येणाऱ्या लोकलबाबत ते खरे नाही. शिवाय स्थानकाजवळची दाट वस्ती फक्त इमारतींतून घडत नाही. चालण्याजोगे पदपथ, रुंद पूल, बस आणि रिक्षांसाठी जागा हेही त्यात येते. ठाण्यात स्थानकाबाहेरील बस वाहतूक उंच मार्गावर नेणारा ‘सॅटिस’ प्रकल्प पश्चिमेला २००९मध्ये सुरू झाला. पुढच्या अनेक स्थानकांबाहेर प्रवाशाला आजही रिक्षा, फेरीवाले आणि खड्डे यांतून वाट काढावी लागते.

घरे आणि लोकल यांचे गणित का जुळत नाही?

एक ढोबळ हिशेब करून पाहू. एक हेक्टर जागेवर चार एफएसआयने ४० हजार चौरस मीटर बांधकाम होते. सरासरी ६० चौरस मीटरचे घर धरले, तर साधारण ६६० घरे होतात. त्यातील निम्मी जुन्या रहिवाशांची मानली, तरी सुमारे ३३० कुटुंबे नवी येतात. प्रत्येक घरातून एकच माणूस सकाळच्या गर्दीत लोकल पकडतो असे धरले, तर दहा हेक्टरांच्या पुनर्विकासातून ३,३०० नवे प्रवासी येतात. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसायला जेमतेम १,१०० ते १,२०० जागा असतात. म्हणजे दहा हेक्टरांमागे जवळपास तीन गाड्यांची आसने नव्याने लागतील. प्रत्यक्ष आकडा प्रकल्पागणिक बदलेल, पण कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला परवानगी देताना हा हिशेब कोणी मांडतो का, हा कळीचा मुद्दा आहे.

पाणी, मलनिस्सारण आणि अग्निशमन यांचे दाखले प्रकल्पाला घ्यावे लागतात. गाडीत जागा आहे, असा दाखला कोणी मागत नाही. या तुटीची किंमत प्रवासी मोजतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गर्दीच्या लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांत किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. मात्र दार बंद झाल्याने आत जागा वाढत नाही.

रेल्वेची क्षमता का वाढत नाही?

वाढते, पण इमारतीच्या वेगाने नाही. ठाणे ते दिवा हे अंतर जेमतेम ९ किलोमीटर. तेथील पाचवी आणि सहावी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात २००८च्या सुमारास मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली. डोंगर, खाडी, झोपड्यांचे पुनर्वसन आणि चालू गाड्यांतून कामाला मिळणारा तोकडा वेळ, यांत जवळपास १४ वर्षे गेली. एवढ्या काळात एखाद्या वसाहतीत तीन टप्पे बांधून, विकून आणि राहायला देऊन होतात.

मार्गिका सुरू झाल्यावर ३६ फेऱ्या वाढल्या. त्यांतील ३४ वातानुकूलित होत्या. जादा भाडे न परवडणाऱ्या प्रवाशांनी ऑगस्ट २०२२मध्ये कळवा आणि बदलापूर येथे आंदोलन केले आणि मध्य रेल्वेला १० वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. गाडी वाढली, तरी ती कोणाला परवडते हेही पाहावे लागते, हा त्यातला धडा.

कल्याणकडून थेट नवी मुंबईला जाता यावे, ठाणे स्थानकावरचा ताण हलका व्हावा, म्हणून ऐरोली-कळवा उन्नत जोडमार्ग २०१६मध्ये तिसऱ्या टप्प्यात मंजूर झाला. त्यातील दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४मध्ये सुरू झाले, पण जोडमार्ग झोपड्यांच्या पुनर्वसनावर अडला. रेल्वेचा प्रकल्प घरांच्या प्रश्नावर अडतो आणि घरांचा प्रकल्प रेल्वेच्या क्षमतेकडे पाहत नाही.

नवी मुंबईत वेगळे काय झाले?

तेथे जमीन आणि रेल्वे यांचा विचार एकत्र झाला. सिडकोची स्थापना १९७०मध्ये झाली. नवी मुंबईतील उपनगरी रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचा, असे सूत्र ठरले. जमिनीच्या विक्रीतून आलेला पैसा रुळांत गेला. मानखुर्द ते वाशी मार्ग १९९२मध्ये सुरू झाला. वाशी आणि बेलापूर स्थानकांच्या इमारतींतच कार्यालयांना जागा देण्यात आली. उरण मार्गही याच सूत्राने झाला. त्याचा पहिला टप्पा २०१८मध्ये, तर उरणपर्यंतचा मार्ग जानेवारी २०२४मध्ये खुला झाला.

अर्थात हे निर्दोष प्रारूप नव्हे. ९५ गावांच्या जमिनी घेताना भूमिपुत्रांना मोठा लढा द्यावा लागला. स्थानकांजवळच्या सिडकोच्या घरांच्या किमतींवरही अलीकडे टीका झाली. तरीही एक गोष्ट ठळक आहे. ज्या जमिनीची किंमत रेल्वेमुळे वाढते, त्या वाढीतला वाटा रेल्वेसाठी वापरता येतो. ठाणे-कल्याणमध्ये जमीन असंख्य खासगी मालकांची असल्याने तेच सूत्र जसेच्या तसे लागू होणार नाही. पण जादा एफएसआयच्या अधिमूल्यातील ठरावीक भाग त्याच स्थानकाचे पूल, फलाट आणि रस्ते यांसाठी राखून ठेवता येतो. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर येथे २०२२पासून घरखरेदीवर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. लोकलसाठी असा ठळक, स्थानकनिहाय हिशेब दिसत नाही.

परदेशात काय अनुभव आहे?

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचे उदाहरण बोलके आहे. सिडनहॅम ते बँक्सटाउन या जुन्या उपनगरी मार्गाचे मेट्रोत रूपांतर करायचे आणि त्याच्या कडेने दोन दशकांत सुमारे ३५ हजार घरे वाढवायची, असा आराखडा तेथील राज्य सरकारने मांडला. स्थानिकांनी शाळा, उद्याने आणि जुन्या वस्तीच्या रूपाबद्दल प्रश्न विचारले. विरोध वाढल्यावर २०१८मध्ये सरकारने एक पाऊल मागे घेत नियोजन स्थानिक पालिकांकडे सोपवले. घरटंचाई तीव्र झाल्यावर डिसेंबर २०२३मध्ये स्थानकांभोवती घरे वाढवण्याचे नवे धोरण आले. अनेक स्थानकांच्या ४०० मीटर परिसरात सहा मजली इमारतींना वाव देताना किमान २ टक्के घरे परवडणारी असावीत, अशी अट त्यात आहे. तो वाटा फारच कमी असल्याची टीका तेथेही झाली. पण घरवाढ गाडीची क्षमता वाढवण्याच्या कामाशी जोडलेली आहे. आपल्याकडे नेमका हाच दुवा सैल आहे.

रहिवासी आणि भाडेकरूंचे काय?

पुनर्विकासात सर्वांत आधी बाहेर पडतो तो भाडेकरू. ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला नव्या घराचा हक्क नसतो. स्थानकाजवळची स्वस्त खोली गेली की तो आणखी पुढे, बदलापूर-टिटवाळ्याकडे सरकतो आणि अधिक लांबचा प्रवास करतो. म्हणजे पुनर्विकासामुळे लोकलवरचा भार दोन बाजूंनी वाढतो. नवा रहिवासी येतो आणि जुना भाडेकरू दूर जातो. छोट्या क्षेत्रफळाची भाड्याची घरे ठेवण्याची अट हा त्यावरील एक उपाय आहे.

मालकांनीही काळजी घ्यायला हवी. गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासासाठी २०१९च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सदस्यांची संमती पुरते. त्यामुळे करार वाचणे प्रत्येकाच्या हिताचे आहे. संक्रमण काळातील भाडे किती वर्षांचे, ते थकल्यास बँक हमी आहे का, घराचे चटईक्षेत्र लेखी आहे का, नव्या इमारतीचा मासिक देखभाल खर्च किती, हे सहीपूर्वी विचारावे. विक्रीच्या घरांना महारेराचे जसे संरक्षण मिळते, तसे पुनर्वसनाच्या घरांना मिळत नाही.

पुढची परीक्षा कुठे?

पनवेल-कर्जत नव्या उपनगरी मार्गावर. सुमारे २९.६ किलोमीटरच्या या मार्गावर पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत ही पाच स्थानके आहेत. जमिनीच्या जाहिराती गाडीच्या आधीच तेथे पोहोचल्या आहेत. पनवेल परिसरातील ‘नैना’ क्षेत्रासाठी सिडको २०१३पासून नियोजन प्राधिकरण आहे. मात्र नगर रचना योजनांत मालकाकडे ४० टक्के जमीन राहत असल्याने शेतकऱ्यांचा विरोध आहे. ठाणे-कल्याणमध्ये वस्ती आधी झाली आणि सोयी मागून धावल्या. पनवेल-कर्जत मार्गावर रस्ते, पाणी, शाळा आणि फेऱ्यांची संख्या आधी ठरवण्याची संधी अजून आहे. चिखले किंवा चौक स्थानकाबाहेर पहिला टोलेजंग टॉवर उभा राहिल्यावर हा विचार सुरू झाला, तर दिव्याची गर्दी तिथेही पोहोचायला वेळ लागणार नाही.