पिंपातला बिनबोलावलेला पाहुणा : डीएनएवरून बिघाडू यीस्टचा शोध

आजचा विषय वाचून काहींनी आधीच विचारलं, "वाइन बिघडली आहे हे चव घेऊन कळत नाही का हो?" कळतं ना! पण कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. २२५ लिटरच्या ओकच्या पिंपाला घोड्याच्या तबेल्याचा वास यायला लागला, की ती वाइन पूर्ववत करणं जवळजवळ अशक्यच. म्हणून वास येण्याआधी ओळखायचं कसं, हा आजचा प्रश्न.

हा वास बहुतेक वेळा ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा असतो. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन यांनी १९०४ साली इंग्लिश बिअरमधून ते वेगळं काढलं आणि नाव ठेवलं, अर्थ साधारण 'ब्रिटिश बुरशी'. गंमत म्हणजे त्यांच्या मते हा दोष नव्हताच. जुन्या इंग्लिश बिअरची खास चव याच यीस्टमुळे येते, असं त्यांचं म्हणणं होतं. बेल्जियमच्या लँबिक बिअरमध्ये आजही ते हवंहवंसं असतं. रेड वाइनमध्ये मात्र नको. द्राक्षांच्या सालीतून येणाऱ्या कौमॅरिक आम्लासारख्या पदार्थांपासून ते दोन टप्प्यांत इथाइलफिनॉल तयार करतं, आणि तोच तो तबेल्याचा, किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास.

हे यीस्ट भलतंच चिवट. लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी साखर उरली तरी त्याचं भागतं. लाकडात काही मिलिमीटर आत शिरून बसतं, त्यामुळे पिंप नुसतं धुऊन ते जात नाही. सल्फर डायऑक्साइड घातला तर दबतं, पण वाइनचा पीएच जास्त असेल तर तोच सल्फर कमी काम करतो. उष्ण प्रदेशात द्राक्षं पिकताना आम्लता झपाट्याने उतरते, म्हणून आपल्या नाशिकच्या रेड वाइनवाल्यांनाही ही गोष्ट परकी नाही.

जुनी पद्धत काय? नमुना पेट्री डिशमधल्या अन्नद्रव्यावर पसरायचा आणि वाट बघायची. त्यात सायक्लोहेक्सिमाइड घालतात, म्हणजे नेहमीचं वाइनचं यीस्ट मरतं आणि ब्रेटानोमायसिस तगतं. पद्धत चांगली आहे, स्वस्तही आहे. पण वसाहती दिसायला आठवडाभर, कधी त्याहून जास्त लागतो. बाटल्या भरायची तारीख ठरलेली, तिकडे ट्रक उभा, आणि आम्ही सांगणार 'अजून दहा दिवस थांबा'? शिवाय सल्फरने घाबरलेल्या काही पेशी जिवंत असतात, पण डिशवर वाढतच नाहीत. डिश कोरी राहते आणि पिंपात काही महिन्यांनी त्या पुन्हा जाग्या होतात.

इथे पीसीआर कामाला येतो. कोविडने हा शब्द घराघरांत पोचवलाय, तेव्हा फार समजावत बसत नाही. आपल्याला हव्या त्याच जीवाच्या डीएनएला चिकटतील असे दोन छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, घ्यायचे. जुळणारा डीएनए असेल तर दर फेरीला तो दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. यंत्र प्रत्येक फेरीला चमक मोजतं. चमक जितक्या लवकर दिसेल, तितकं यीस्ट जास्त. साधारण साडेतीन फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट फरक. सकाळी नमुना दिला तर संध्याकाळी उत्तर.

आता अडचणी, कारण खरं काम तिथेच आहे. रेड वाइनमधली पॉलिफिनॉल्स पीसीआरचं विकर अडवतात. मग चाचणी 'काही नाही' म्हणते, आणि खरं म्हणजे ती चाललेलीच नसते! म्हणून आम्ही पेशी आधी धुतो, आणि प्रत्येक नमुन्यात ओळखीचा थोडा डीएनए मुद्दाम घालतो. तो दिसला नाही, तर तो अहवाल रद्द.

दुसरी अडचण नमुन्याची. पेशी तळाशी बसतात. वरून एक मिलिलिटर काढून पिंप निर्दोष ठरवणं म्हणजे वरचं ताक बघून तळाच्या लोण्याबद्दल बोलणं... म्हणजे उलटं, पण समजलं ना! नमुना वेगवेगळ्या उंचीवरून घ्यावा, आणि जास्त वाइन गाळून पेशी गोळा कराव्यात.

तिसरी, मेलेल्या पेशींचा डीएनएही पीसीआरला दिसतो. सल्फर घालून यीस्ट मेलं तरी चाचणी होकारार्थीच. यावर एक रंगद्रव्य वापरतात. ते फाटक्या पेशीत शिरतं, प्रखर प्रकाशात डीएनएला जखडतं, आणि तो डीएनए मग वाढत नाही. पेशी मेली पण तिचं आवरण शाबूत असेल, तर मात्र हीही युक्ती फसते. म्हणून एका आकड्यावर पिंप ओतून देऊ नका. काही दिवसांनी पुन्हा मोजा, आकडा चढतोय का ते बघा.

बिअरमध्ये आणखी एक प्रकरण आहे, डायस्टॅटिकस. हे नेहमीच्या बिअर यीस्टचंच भावंड, सूक्ष्मदर्शकाखाली वेगळं ओळखू येत नाही. फरक एका जनुकाचा, एसटीए१. त्याच्यामुळे हे यीस्ट एक विकर बाहेर सोडतं, आणि बिअरमध्ये उरलेली, इतर यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिन फोडून साखर करतं. बंद बाटलीत किंवा कॅनमध्ये आठवडे-महिने हे चालू राहिलं, तर वायू साठत जातो आणि बाटली फुटू शकते. इथे प्रश्न चवीचा नाही, हातातल्या काचेचा आहे. पीसीआर ते जनुक शोधतो. पण नुसतं जनुक असणं पुरेसं नाही. काही जातींत त्याच्या आधीचा, जनुक चालू करणारा भाग तुटलेला असतो. त्या फार हळू काम करतात. म्हणून हल्ली तो भागही तपासतात, आणि शंका असेल तर यीस्टला डेक्स्ट्रिन देऊन ते पचवतं का, हे प्रत्यक्षच बघतात. काही बेल्जियन सेझाँ यीस्टमध्ये हे जनुक मुळातच असतं, तेव्हा अशी बिअर करणाऱ्याने त्याच टाकीत, त्याच नळ्यांतून नंतर दुसरी बिअर भरण्यापूर्वी नळ्या आणि फिलर यांचे नमुने आधी पाठवावेत. तयार बिअरचा नमुना त्यानंतर.