वाकडे अंगण आणि बर्फावरची फळी

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर सदैव असते. अंगच्या उणिवेचे खापर साधनांवर फोडणाऱ्याला उद्देशून ती योजिली जाते, आणि बहुधा ती योग्यही ठरते. परंतु काही विद्या अशा आहेत की, त्यांत अंगण खरोखरच वाकडे असते आणि ते नीट केल्यावाचून नाचणाऱ्याचे पाऊल पडत नाही. शिकणाऱ्याला मात्र हे ठाऊक नसते. तो स्वतःलाच दोष देतो, दोन दिवस पडतो-झडतो आणि तिसऱ्या दिवशी ती विद्याच सोडून देतो. बर्फाच्या उतारावरून एका फळीवर उभे राहून, वळणे घेत खाली येण्याचा स्नोबोर्डिंग नावाचा जो खेळ आहे, त्याची आल्पाइन ही शाखा अशा विद्यांपैकी एक होय.

हा खेळ फार जुना नाही. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की एकमेकींना शेजारी-शेजारी जोडल्या आणि त्यांवर उभे राहून टेकडीवरून घसरता येते असे दाखविले. त्या खेळण्यापासून पुढे फळी निघाली. १९७० नंतरच्या दशकात जेक बर्टन कारपेंटर याच्यासारख्या खटपटी तरुणांनी तिच्यावर पाय जखडण्याची सोय केली. आरंभी स्कीच्या उतारांवर या फळीवाल्यांना मज्जाव असे. १९८० नंतर ती बंदी हळूहळू उठत गेली. त्याच सुमारास आल्प्स पर्वतातील काही मंडळींनी मऊ बूट टाकून स्कीच्या बुटांसारखे कठीण कवचाचे बूट पायांत चढविले, अरुंद फळी घेतली आणि घसरण्याऐवजी कडेवर कोरीत जाण्याची रीत सुरू केली. आल्पाइन शाखा ती हीच. १९९८ साली जपानमधील नागानो येथे या खेळाचा हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला, आणि २००२ पासून दोन स्पर्धक शेजारच्या दोन मार्गांवरून एकाच वेळी उतरतात अशी शर्यत तेथे होऊ लागली. २०१८ साली चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीच्या एका शर्यतीत आणि या फळीच्या शर्यतीतही सुवर्णपदक मिळवून सर्वांना चकित केले.

‘कोरीत जाणे’ म्हणजे काय, हे समजल्यावाचून पुढचे सारे अगम्य राहील. फळी वरून पाहिली तर ती दोन्ही टोकांशी रुंद आणि मध्ये कमरेसारखी निमुळती असते. म्हणजे तिची प्रत्येक कड ही एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. फळी सपाट ठेवली तर ती सरळ जाते. परंतु ती एका कुशीवर कलविली आणि तिच्यावर भार पडून ती मध्ये वाकली, की ती कड बर्फात रुतते आणि आपल्या आकाराप्रमाणे आपोआप वळू लागते. जितका कल अधिक, तितके वळण लहान. ज्या कडेच्या वर्तुळाची त्रिज्या दहा मीटर आहे, ती फळी साठ अंश कलली तर सुमारे पाच मीटर त्रिज्येचे वळण घेते. मागे बर्फावर उरते ती पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक रेघ. ज्याला हे साधत नाही त्याची फळी आडवी घासत जाते आणि मागे झाडू फिरविल्यासारखा रुंद पट्टा उमटतो. गुरूला शिष्याची परीक्षा घेण्यासाठी त्याला काही विचारावे लागत नाही. मागे वळून बर्फावरची खूण वाचली की पुरे.

आता अडचण कोठे येते ते पाहू. मऊ बुटांची रुंद फळी जगभरच्या हिमक्रीडा केंद्रांत भाड्याने मिळते आणि ती शिकविणारेही ठायी ठायी भेटतात. आल्पाइन फळीचे तसे नाही. ती वापरणारे थोडे, बनविणारे त्याहून थोडे, आणि भाड्याने देणारे तर विरळाच. त्यामुळे ज्याच्या मनात ही शाखा भरते तो कोणाची तरी वापरलेली फळी स्वस्तात विकत घेतो. पुष्कळदा ती शर्यतीची असते. लांबी १८५ सेंटिमीटरच्या आसपास, कडेची त्रिज्या वीस मीटर, आणि ताठपणा असा की वेगवान, बळकट स्पर्धकाच्या भारानेच ती वाकावी. नवशिक्याच्या मंद गतीला ती दादच देत नाही. ती वाकत नाही म्हणून वळत नाही. वळत नाही म्हणून वेग वाढतो. वेग वाढला की शिकाऊ भितो, अंग मागे टाकतो आणि पडतो. मग त्याच्या मनात येते की हा खेळ आपल्यासारख्याचा नव्हे. वस्तुतः दोष त्याच्या धैर्याचा नसून त्या फळीचा असतो. साधारण बांध्याच्या प्रौढ माणसास आरंभी १६० ते १६८ सेंटिमीटर लांबीची, नऊ ते अकरा मीटर त्रिज्येची, मऊसर लवणारी फळी द्यावी, म्हणजे ती कमी वेगातही वळते आणि शिकणाऱ्याला कडेचा विश्वास वाटू लागतो.

फळी योग्य मिळाली तरी काम संपले असे नाही. गवई कितीही तयारीचा असो, तंबोरा लावल्यावाचून तो गाणे धरीत नाही. तसेच येथेही फळी माणसाला ‘लावून’ घ्यावी लागते.

पहिली गोष्ट बुटाची. बूट सैल असेल तर पाय आतल्या आत हलतो आणि गुडघ्याची हालचाल फळीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून जाणता मनुष्य बुटाचे मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालावयास सांगतो. बोटे पुढे टेकली असता टाचेमागे एक ते दीड सेंटिमीटर जागा उरावी. अधिक उरली तर बूट मोठा समजावा. नवखे लोक पायाला सुख वाटते म्हणून मोठा बूट घेतात आणि पुढे तो आवळून आवळून पाय बधिर करून घेतात. बूट फार ताठ असणेही वाईट. घोटा पुढे लवला पाहिजे, कारण झटके पचविण्याचे आणि तोल सांभाळण्याचे पुष्कळसे काम तोच करतो.

दुसरी गोष्ट पावलांच्या कोनाची. मऊ बुटांच्या रुंद फळीवर पावले जवळजवळ आडवी असतात. आल्पाइन फळीची कंबर मात्र अवघी वीस सेंटिमीटरच्या आसपास असते आणि बुटाचा तळ तीस सेंटिमीटरच्या घरात. पावले आडवी ठेवली तर बुटाची टोके आणि टाचा दोन्ही बाजूंनी फळीबाहेर डोकावतात. फळी चांगली कलली, की हे बाहेर आलेले टोक बर्फावर टेकते, कड उचलली जाते आणि स्वार एका क्षणात भिरकावला जातो. म्हणून पावले पुढच्या दिशेने वळवावी लागतात. अरुंद फळीवर साठ अंशांच्या आसपास, थोड्या रुंद फळीवर पंचेचाळीस ते पंचावन्न. मागचे पाऊल पुढच्यापेक्षा काही अंश कमी वळवितात. बुटाचे टोक आणि टाच कडेच्या बरोबर वर यावी, हा यातला खरा नियम. कोन हा फळीच्या रुंदीवरून आणि बुटाच्या लांबीवरून ठरावयाचा असतो, मित्राच्या फळीवरून किंवा विजेत्याच्या छायाचित्रावरून नव्हे.

तिसरी गोष्ट पावलांतील अंतराची व कलाची. मध्यम उंचीच्या माणसास हे अंतर सुमारे ४८ ते ५० सेंटिमीटर असावे. ते फार वाढले की गुडघे अवघडतात. फार कमी झाले की तोल जातो. पुढच्या पायाची बोटे आणि मागच्या पायाची टाच पाचरीने किंचित, तीन ते सहा अंश, उचलली तर दोन्ही गुडघे सहजपणे वाकतात. एवढ्याशा पाचरीने काय होणार असे वाटते. परंतु ज्याचे मागचे पाऊल सपाट जखडलेले आहे, त्याला गुडघा वाकविण्यासाठी साऱ्या शरीराशी झगडावे लागते, आणि दुपारपर्यंत तो थकून जातो.

चौथी गोष्ट धारेची. फळीच्या कडेला पोलादी पट्टी असते. ती गंजलेली वा बोथट असेल तर टणक बर्फावर कितीही कौशल्य असले तरी कड धरत नाही. बोथट विळ्याने गवत कापू पाहणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. आधी विळा परजून देतात. येथेही कानस घेऊन धार लावून देणे हाच पहिला धडा समजावा.

इतके झाले म्हणजे मग खरे शिक्षण सुरू होते. उतार रुंद आणि सौम्य असावा, आणि यंत्राने सारखा केलेला बर्फ अजून तुडविला गेलेला नसावा. म्हणून सकाळची वेळ उत्तम. प्रथम शिकाऊला वळण घेण्यास सांगतच नाहीत. त्याने उतारावर आडवे उभे राहून फळी एका कडेवर ठेवावयाची आणि काहीही न करता तिला जाऊ द्यावयाचे. फळी आडवी निघते, हळूहळू वरच्या बाजूस वळते आणि आपली आपण थांबते. मागे पाहिले तर एक स्वच्छ रेघ. या साध्या प्रयोगातून शिकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. फळी आपण वळवीत नाही, ती स्वतः वळते. आणि वेग कमी करण्यासाठी घासावे लागत नाही, वळण पुरे केले की चढच वेगाला आवर घालतो. पुढच्या खेपेस फळी थोडी अधिक उताराकडे रोखून सोडावयाची, त्याच्या पुढच्या खेपेस आणखी थोडी. दोन्ही कडांवर असे झाले की मगच एक वळण दुसऱ्याला जोडावयाचे.

येथे शिक्षकाच्या डोळ्याची कसोटी लागते. बहुतेक नवशिके वळणात आतल्या हाताने बर्फाला स्पर्श करू पाहतात. चित्रांत तसे दिसते म्हणून त्यांना तेच कौशल्य वाटते. परिणामी ते कमरेत मोडतात, भार कडेवरून उडतो आणि फळी सुटते. जाणता शिक्षक ‘हात खाली नेऊ नको’ असे म्हणून थांबत नाही. बाहेरचा हात बुटाकडे न्यावयास सांगतो. त्यासरशी पाय आत कलतात, धड सरळ राहते आणि भार पुन्हा कडेवर येतो. एका फेरीला एकच सूचना, हा या शिक्षणाचा दंडक होय. तालमीतील वस्ताद नव्या पोराला एका दिवसात दहा डाव दाखवीत नाही. एकच डाव घटवून घेतो. उतारावर भीतीने ताठरलेल्या माणसाच्या कानांत पाच सूचना एकदम घातल्या तर त्यांतली एकही पायांपर्यंत उतरत नाही.

पडणे हेही शिकवावे लागते. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले आणि बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही. त्यामुळे पडणारा साहजिकच हात पुढे करतो, आणि नवशिक्यांची मनगटे मोडतात ती याच कारणाने. मुठी मिटून, हाताच्या पुढच्या भागावर वा कुशीवर भार घेत पडावे आणि मनगटाला कवच बांधावे, हे पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. दुसरी सावधगिरी इतरांच्या संबंधात आहे. कोरीत जाणारा स्वार उताराच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातो, कधी वरही चढतो. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळावे हा नियम खरा. पण वळणापूर्वी वर दृष्टी टाकण्याची सवय ज्याला लागली नाही, त्याला उत्तम रेघ काढता आली तरी तो उतारावर सोडण्याच्या योग्यतेचा झालेला नसतो.

आपल्या देशात गुलमर्गला बर्फावरील खेळांचे शिक्षण कित्येक वर्षांपासून दिले जाते, आणि २०२० पासून तेथे भरणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डिंगही आहे. तेथील वरच्या भागांतल्या खोल, भुसभुशीत हिमात अरुंद फळी रुतून बसते. तेथे रुंद फळी आणि मऊ बूटच योग्य. आल्पाइन फळीला दाबून सारखा केलेला टणक उतार लागतो. भूमी पाहून साधन निवडावे, हा विवेकही या विद्येचाच भाग होय.

जी विद्या बाजारात विकत मिळत नाही, ती माणसाकडून माणसाकडेच जावी लागते. या खेळातील जुनी मंडळी उतारावर एखादा धडपडणारा नवखा दिसला की त्याला थांबवितात, त्याच्या फळीकडे पाहतात, खिशातला पेचकस काढून कोन बदलून देतात आणि मग म्हणतात, आता जा. बर्फात गुडघे टेकून घालविलेल्या त्या दहा मिनिटांमुळे एक माणूस या खेळात राहतो. नाहीतर तो संध्याकाळी फळी विकावयास काढतो. हाताशी माणसे थोडी असली की अशी दहा मिनिटे फार मोलाची होतात. ‘तुला जमत नाही’ असा निवाडा देण्यापूर्वी त्याचे अंगण एकदा तपासून पाहावे, हे शिकविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. आणि अंगण नीट झाल्यावर मात्र कष्टांना पर्याय नाही, हे शिकणाऱ्याने विसरू नये.